माळावरचे मातकट पक्षी कसे ओळखायचे?
(आमच्याकडून दुर्बीण घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

दुर्बीण नेल्यावर बहुतेकांचा पहिला फेरा सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे होतो. माळढोक दिसेल या आशेने निघालात तर निराशेची तयारी आधीच ठेवा, तो आता जवळपास दिसेनासा झाला आहे. पण त्याच गवतात चिमणीएवढे पाच-सहा जातींचे पक्षी पायाशी फिरत असतात, आणि सगळे मातीच्या रंगाचे. मग दुकानात प्रश्न येतो, "मातकट होता, रेघा होत्या, काय असेल?" एवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. माळावर रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी चाल, मग चोच, मग डोकं, आणि पक्षी उडाला की शेपूट.

चाल का, ते डोंबारी नावाच्या पक्ष्यावरून कळेल. नर ओळखायला सोपा: पोट काळं, डोळ्यातून जाणारी काळी पट्टी, माथा राखाडी, गाल पांढुरके. तो हवेत चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या आधी सावरून पुन्हा वर जातो. मादी मात्र अंगणातल्या चिमणीच्या मादीसारखीच दिसते, चोचही तशीच जाड. दोघींना चालताना बघा. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. डोंबारीची मादी एकापुढे एक पाय टाकत तुरुतुरु पळते, थांबते, जमिनीला चिकटून बसते. डोंबारी चंडोलांच्याच कुळातला, आणि सगळ्या चंडोल मंडळींची चाल अशीच.

तिरचिमणीही चालते, त्यामुळे इथे गोंधळ होतो. तिची चोच बारीक, अंग सडपातळ, पाय लांब आणि उभं राहणं ताठ. थांबली की शेपूट खालीवर हलवते, उडाली की शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात. बारा महिने दिसणारी ती धान तिरचिमणी, छातीवर रेघा असलेली. हिवाळ्यात एक फिकट पाहुणी येते. तिची छाती जवळजवळ कोरी असते आणि चोचीपासून डोळ्यापर्यंत काळसर रेघ असते. ही रेघ दिसायला पक्षी बाजूने आणि स्थिर हवा, म्हणून घाईने निकाल देऊ नका.

डोक्यावर टोकदार तुरा दिसला तर तो तुरेवाला चंडोल. तुरा खाली पाडलेला असला तरी मागे त्याचं टोक जाणवतं. आपल्या कोरड्या माळावर तुरेवाला दिसला की पहिला विचार साईक्सच्या चंडोलाचा करावा. विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात या चंडोलाचं पहिलं वर्णन आहे. अंगावर तांबूस झाक, छातीच्या वरच्या भागात थोड्याच बारीक रेघा आणि खाली पोट कोरं. मलबारी चंडोल मोठा, छातीवर ठळक रेघांचा, आणि त्याचा मुलूख सह्याद्रीकडचा. आवाजावर मात्र फार विसंबू नका. साईक्सचा चंडोल इतर पक्ष्यांच्या नकला इतक्या बेमालूम करतो की डोळे मिटून ऐकणाऱ्याची फजिती होते.

तुरा नाही, अंग थोडं काळपट, जागा दगडगोट्यांची? मग तो उडेपर्यंत थांबा. शेपूट तांबडी आणि टोकाला काळा पट्टा दिसला तर तो मुरारी. तांबडा रंग शेपटीत न दिसता पंखात दिसला तर तो झुडपाच्या शेंड्यावरून गाणारा चंडोल. हा वर चढतो आणि पाय लोंबकळत ठेवून, पंख वर धरून, हळूहळू तरंगत खाली येतो. एवढं एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

हुरड्याला गेलात तर

थंडीत ज्वारीच्या कणसांवर पिवळ्या पोटाचे थवे उतरतात, ते भारीट. यांच्या जाती दोन, म्हणून नरही दोन तऱ्हेचे: एकाचं डोकं काळं आणि पाठ तांबूस, दुसऱ्याचं डोकं आणि छाती दोन्ही तांबूस, पाठ हिरवट-पिवळी. पुस्तकातल्या चित्रात हे झळझळीत दिसतं, शेतात नाही. ते येतात तेव्हा पिसांच्या फिक्या कडांनी डोक्याचा रंग झाकलेला असतो. पुढे कडा झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो, म्हणून जाण्याच्या सुमारास नर खुलून दिसतात. माद्यांच्या बाबतीत आमचं स्पष्ट मत असं की शेतात उभं राहून दोन्ही जातींच्या माद्या वेगळ्या काढायच्या भानगडीत पडू नये. वहीत "भारीट, मादी" एवढंच लिहावं. ओढूनताणून लावलेल्या नावापेक्षा अर्धी पण खरी नोंद कामाची.

बंगल्याच्या बागेतली, एकमेकांशी गोंधळ होणारी एक जोडी राहिलीच. शिंपी पक्षी पाठीवर हिरवट, माथ्यावर तांबूस. राखी वटवट्या वर करडा, खाली पिवळट-तांबूस, उडताना टिक्-टिक् असा चटका वाजतो. शेपूट दोघेही उभी धरतात. शिवलेल्या पानातलं घरटं पाहून लगेच शिंपी म्हणू नका, राखी वटवट्याही पानं शिवतो.

दुर्बिणीबद्दल थोडं

बारापट, सोळापट मागणाऱ्यांनाही आम्ही ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) पुढे करतो, त्याचं कारण सोलापूरचं ऊन. सकाळ टळली की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. जास्त पटीची दुर्बीण पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करते, शिवाय हाताचा कंप वेगळाच. छातीवरच्या रेघा मोजायच्या तर उजाडल्यानंतरचे दोन तास. उन्हं चढल्यावर भिंग कितीही भारी असो, रेघा विरघळतात.

चष्मा लावून बघत असाल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबून ठेवा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. उजव्या डोळ्याकडच्या भिंगाभोवती फिरणारी चकती एकदाच जुळवायची असते: उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डावा डोळा स्पष्ट करा, मग डावं झाकून फक्त चकती फिरवा. पुसट दिसण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

डोंबारी आणि चंडोल उघड्या जमिनीवर, ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला घरटं करतात. म्हणून गाडी वाटेवरच ठेवा, आणि पक्षी पायाजवळ घुटमळायला लागला तर आल्या पावली मागे फिरा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. अभयारण्यात जाताना वन विभागाची परवानगी लागते, ती आधीच काढा.

माळावरची धूळ रुमालाने पुसू नका, बारीक खडे भिंगावर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवा, मग सोबत दिलेलं कापड. दुर्बीण पडली आणि एकाचे दोन पक्षी दिसायला लागले तर आतले लोलक सरकले आहेत. स्क्रू उघडू नका, तशीच दुकानात घेऊन या.