फुरियेचा १६२० माणसांचा हिशेब

आदर्श वस्तीचं स्वप्न मांडणाऱ्या शार्ल फुरिये या फ्रेंच विचारवंताला ‘स्वप्नाळू समाजवादी’ म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण पोटापाण्यासाठी तो करायचा कारकुनी आणि फिरती विक्री, आणि त्याचं स्वप्नही खातेवहीसारखं आकड्यांत मांडलेलं आहे.

जन्म १७७२ चा, बेझांसाँच्या कापडव्यापाऱ्याच्या घरात. फ्रेंच क्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये लिआँ शहराला पडलेल्या वेढ्यात वारशाचा पैसा बुडाला. १७९९ मध्ये मार्सेत सडका तांदूळ समुद्रात फेकण्याच्या कामावर त्याला उभं राहावं लागलं. भाव चढावा म्हणून तो कुजेपर्यंत दाबून ठेवलेला होता. व्यापारावरची त्याची चीड अशी अनुभवातून आलेली होती. १८०८ च्या पहिल्या पुस्तकात समुद्राला लिंबूसरबताची चव येईल असं भाकीत होतं. टीकाकारांना तेवढंच पुरलं.

खरा गाभा वेगळाच. माणसाच्या मूळ ओढी १२, त्यांच्या मिश्रणातून स्वभाव ८१०. प्रत्येक स्वभावाची एक स्त्री, एक पुरुष, म्हणून त्याच्या कल्पनेतली आदर्श वस्ती १६२० माणसांची. बारापैकी एक ओढ ‘फुलपाखरी’, म्हणजे बदलाची. त्यामुळे कुठलंही काम दीड-दोन तासांपेक्षा जास्त नाही. सकाळी बाग, मग तबेला, मग सुतारकाम. घाण उपसायला मुलांच्या टोळ्या, कारण मुलांना चिखल आवडतोच! समान वाटप मात्र त्याला मान्य नव्हतं. मिळकतीचे बारा भाग करून पाच श्रमाला, चार भांडवलाला, तीन कौशल्याला. समाजाची प्रगती मोजायची तर स्त्रियांना किती स्वातंत्र्य मिळालं ते बघा, हेही त्याचंच म्हणणं.

अशा वस्तीला पैसा पुरवणाऱ्या भांडवलदाराची वाट बघतच तो १८३७ मध्ये पॅरिसमध्ये वारला. १८३२ मध्ये कोंदे-स्यूर-वेग्र इथे सुरू झालेला प्रयोग पैशाअभावी अर्धवट राहिला होता. अमेरिकेत ऑल्बर्ट ब्रिस्बेन या अनुयायाने त्याचा विचार पोहोचवला, पण गाळून. फुरियेच्या लिखाणातला प्रेमसंबंधांचा भाग वगळला. बॉस्टनजवळच्या ब्रुक फार्म या सामूहिक वसाहतीने १८४४ मध्ये हा मार्ग धरला. माणसं १६२० च्या जवळपासही नव्हती, कर्ज होतं, आणि १८४६ मध्ये बांधकाम चालू असलेली मोठी इमारत जळाली. विमा नव्हता.

टिकला तो शेगड्यांचा फ्रेंच कारखानदार गोदँ याचा प्रयोग. टेक्सासमधल्या फुरियेवादी वसाहतीत त्याचा पैसा बुडाला होता. मग त्याने स्वतःच्याच कारखान्याशेजारी, फ्रान्समधल्या ग्वीझ गावात, १८५९ पासून काचेच्या छपराखालच्या चौकांभोवती कामगारांची घरं बांधली. १८८० मध्ये कारखाना कामगारांच्या भागीदारीत आला आणि ती व्यवस्था १९६८ पर्यंत चालली. फुलपाखरी पाळ्या मात्र गोदँनेही कधी लावल्या नाहीत.