छापा पडला तर ‘हो’ म्हणा

२०२२ च्या ऑगस्टमध्ये एक बातमी बहुतेक वर्तमानपत्रांत झळकली होती. देशातल्या अकरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत बायकांचे लैंगिक जोडीदार पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त निघाले. राजस्थानात तर बायकांचे ३.१ आणि पुरुषांचे १.८. आकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले, म्हणजे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ ते २०२१ या काळात देशभर केलेल्या पाहणीतले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हायचं ते झालं. कुणाला संस्कृती बुडाल्याचं दुःख, कुणाला बायका पुढे गेल्याचा आनंद. आकडा मुळात शक्य आहे का, हे विचारायला मात्र कुणी थांबलं नाही.

गणित सातवीचं आहे. स्त्री-पुरुष संबंधात दर वेळी एक बाई आणि एक पुरुष असतो. म्हणजे सगळ्या बायकांच्या जोडीदारांची बेरीज आणि सगळ्या पुरुषांच्या जोडीदारांची बेरीज एकच यायला हवी. बायका आणि पुरुष संख्येने साधारण सारखे असतील, तर सरासरीही सारखीच. ३.१ आणि १.८ हे दोन्ही आकडे एकाच समाजात एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. थोडीफार तफावत समजू शकते. या पाहणीत बायका १५ ते ४९ वयाच्या, पुरुष १५ ते ५४. पुरुष कामासाठी परराज्यात. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत शरीरविक्रय करणाऱ्या बायका फारशा येत नाहीत. शिवाय सरासरी ही फार नाजूक गोष्ट आहे, दोनचार जणांनी मोठा आकडा सांगितला की ती उडी मारते. देशपातळीवर तर उलटंच चित्र होतं, बायकांचे १.७ आणि पुरुषांचे २.१. पण त्याचा मथळा होत नाही.

ही तफावत फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये अशी मोठी राष्ट्रीय पाहणी साधारण दर दहा वर्षांनी होते. पहिल्या पाहणीला सरकारी पैसा द्यायला मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८९ मध्ये नकार दिला, तेव्हा वेलकम ट्रस्टने खर्च उचलला. तिसऱ्या पाहणीत (२०१० ते २०१२) पुरुषांनी आयुष्यभरातल्या जोडीदारांची सरासरी सांगितली १४ आणि बायकांनी ७. बरोबर दुप्पट! संशोधकांनी ही गाठ सोडवत नेली, तेव्हा एक मजेदार गोष्ट हाती लागली. बायका बऱ्याचदा एकेक नाव आठवून मोजतात. पुरुष अंदाज करतात, आणि अंदाज वरच्या दिशेने जातो. अवाढव्य आकडे छाटले, मोजणं आणि अंदाज करणं यातला फरक धरला, नैतिक मतं लक्षात घेतली, तेव्हा जवळपास दोनतृतीयांश तफावत विरघळली. उरलेली कुठून येते? बरीचशी लाजेतून आणि फुशारकीतून, असं मला वाटतं.

कंडोमचंही हेच. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाने २००९ मध्ये १४ ते ९४ वयाच्या ५,८६५ लोकांना लैंगिक आयुष्याबद्दल विचारलं. चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसालाही हा प्रश्न विचारावासा वाटणं मला फार आवडलं. आपली पाहणी ४९ आणि ५४ ला थांबते, जणू त्यानंतर माणसं तीर्थयात्रेलाच निघतात. इंडियानाच्या पाहणीला पैसा एका कंडोम बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि ते त्यांनी उघड सांगितलं होतं. निष्कर्ष मात्र समजुतींना धक्का देणारे निघाले. बेजबाबदार म्हणून ज्यांच्या नावाने खडे फोडले जातात, ती १४ ते १७ वयाची मुलंच कंडोम सर्वांत जास्त वापरताना दिसली. मुलांनी सांगितलेलं प्रमाण गेल्या दहा वेळांपैकी ७९ टक्के, मुलींनी सांगितलेलं ५८ टक्के. प्रौढांत चार वेळांतून एकदा. चाळिशीनंतर सर्वांत कमी. गर्भ राहण्याची भीती संपली की कंडोमही संपतो, पण लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांचे जंतू काही रजोनिवृत्ती झाली का म्हणून विचारत नाहीत.

आता ७९ आणि ५८ कडे पुन्हा बघा. मुलींचे जोडीदार वयाने मोठे असू शकतात, त्यामुळे हे दोन आकडे तंतोतंत जुळायलाच हवेत असं नाही. तरी शंका येतेच, कारण त्याच पाहणीत शेवटच्या संबंधात जोडीदाराला परमसुख मिळालं असं ८५ टक्के पुरुषांनी सांगितलं. स्वतःला मिळालं असं सांगणाऱ्या बायका होत्या ६४ टक्के. संशोधकांनी तपासून सांगितलं की पुरुषांच्या पुरुष जोडीदारांमुळे हा फरक भरून निघत नाही.

मग खरं बोलायला लावायचं कसं? कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारायला बाई आणि पुरुषांना विचारायला पुरुष हातात टॅबलेट संगणक घेऊन घरी येतो, प्रश्न वाचतो, उत्तर टिपतो. एकांतात विचारायचं असा नियम आहे, पण दोन खोल्यांच्या घरात एकांत आणायचा कुठून? १९९८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १५ ते १९ वयाच्या अमेरिकन मुलांपैकी काहींना कागदी फॉर्म दिला, काहींना प्रश्न ऐकायला कानात हेडफोन आणि उत्तरं द्यायला समोर संगणक. दुसऱ्या मुलाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर १.५ टक्के मुलांनी कबूल केलं, संगणकावर ५.५ टक्के. पुण्यातही अविवाहित तरुणांवर असा प्रयोग झाला आहे. कॉलेजातली मुलं संगणकापाशी जास्त मोकळी झाली, वस्तीतल्या मुलांत चित्र तेवढं स्पष्ट आलं नाही. यंत्राची सवय नसेल तर यंत्राचाही संकोच वाटतो.

मला स्वतःला वेड लावणारी युक्ती मात्र संगणकाच्या आधीची आहे. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी ती मांडली. त्यांनी फिरती सुई वापरली होती, आपण नाणं घेऊ.

समजा हजार लोकांना विचारायचं आहे : ‘गेल्या वर्षभरात नव्या जोडीदाराशी कंडोमशिवाय संबंध आला का?’ प्रत्येकाने आडोशाला जाऊन नाणं उडवायचं आणि काय पडलं ते कुणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर खरं काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं उत्तर द्यायचं. आता कुणी ‘हो’ म्हणालं, तर त्याच्याबद्दल काय कळलं? जवळपास काहीच नाही. बायकोने विचारलं तर ‘छापा पडला होता’ म्हणायला तो मोकळा. पण हजारांच्या बाबतीत मात्र खूप कळतं. छाप्यामुळे आलेले ‘हो’ साधारण ५०० असणार, हे नाण्याच्या स्वभावावरून माहीत आहे. एकूण ६२० ‘हो’ आले तर वरचे १२० काटा पडलेल्या ५०० जणांतले खरे. म्हणजे २४ टक्के. एकाचंही गुपित न फोडता सगळ्यांचं गुपित बाहेर! (आकडे उदाहरणापुरते आहेत.)

फुकट काहीच मिळत नाही, तेव्हा किंमत मोजू. थेट विचारलं असतं आणि सगळे खरं बोलले असते, तर हजारांच्या नमुन्यात २४ टक्क्यांभोवतीची प्रमाण त्रुटी (म्हणजे नमुन्यामुळे अंदाज साधारण किती इकडेतिकडे सरकू शकतो ते) साधारण १.३५ टक्के आली असती. नाण्याच्या पद्धतीत आपण मोजतो ते ६२ टक्के, त्याची त्रुटी १.५३. पण खरं प्रमाण काढायला ५०० वजा करून उरलेलं ५०० ने भागतो, म्हणजे मोजलेल्या प्रमाणाची दुप्पट करून त्यातून एक वजा करतो. दुप्पट केलं की त्रुटीही दुप्पट, ३.०७. नमुना किती मोठा हवा हे त्रुटीच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे तेवढीच अचूकता हवी असेल तर पाचपट माणसं लागतात. लाज राखायची किंमत, प्रत्येकी आणखी चार माणसं. आणि गुपित पूर्ण झाकलं जातं असंही नाही. ६२० ‘हो’वाल्यांत खरोखरचे २४० (काटावाल्यांतले १२० आणि छापावाल्यांतलेही साधारण तेवढेच), म्हणजे तुमच्याबद्दलचा संशय २४ टक्क्यांवरून ३९ वर गेला. उलट ‘नाही’ म्हणणारा मात्र शंभर टक्के सुटला. गोची इथेच होते. ज्याने काही केलेलंच नाही, त्याच्या जिवावर येतं ते छापा पडला म्हणून ‘हो’ म्हणायचं. तो नाण्याला न जुमानता ‘नाही’ म्हणतो आणि सगळा हिशेब खाली घसरतो. वॉर्नर यांच्या मूळ पद्धतीत ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही सारखेच धूसर ठेवले होते, त्यामुळे ही पळवाट नव्हती, पण ती पद्धत समजावून सांगतानाच निम्मे लोक गळतील. पुढे हीच कल्पना गूगलने २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरमधून माहिती गोळा करायला वापरली.

लाज एका दिवसात येत नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते १९२१ मध्ये. शंभर वर्षं उलटली, तरी लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर धातुविकाराची रामबाण औषधं रंगवलेली आहेतच, आणि रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो हे ‘विज्ञान’ शिकलेली माणसंही सांगतात. (वीर्य रक्त आटवून बनत नाही. त्याचा बहुतेक भाग वीर्यकोशातला आणि प्रोस्टेट ग्रंथीतला स्राव असतो.) भिंतीवरून शिकलेला माणूस टॅबलेटवाल्याला काय सांगणार? पाचव्या पाहणीत गर्भनिरोधक म्हणून कंडोम वापरत असल्याचं ९.५ टक्के विवाहित बायकांच्या बाबतीत नोंदलं गेलं, चौथ्या पाहणीत हाच आकडा ५.६ होता. यातली किती वाढ वापरातली आणि किती सांगण्यातली, हे या आकड्यावरून ठरवता येत नाही.

ठरवायचं तर शरीरालाच विचारावं लागतं. वीर्यात पीएसए नावाचं प्रथिन असतं. कंडोमशिवाय संबंध आला तर ते पुढचे एकदोन दिवस योनीतल्या स्रावात सापडतं. झिम्बाब्वेत संशोधकांनी बायकांना काहींना समोर बसून, काहींना हेडफोन लावून संगणकावर विचारलं आणि त्याच भेटीत स्रावही तपासला. प्रथिन सापडलेल्यांपैकी जवळपास निम्म्या बायकांनी एकतर संबंध आलाच नाही किंवा कंडोम वापरूनच आला असं सांगितलं होतं. काहींचा कंडोम फाटला असेल, निसटला असेल, नवऱ्याने मध्येच काढलेला तिला कळलाही नसेल, म्हणून सगळ्या खोटं बोलल्या असं म्हणता येत नाही. आणि ज्या हेडफोनने अमेरिकन मुलांना बोलतं केलं, त्याने या बायकांच्या उत्तरांत काहीही फरक पडला नाही.