गांजा कायदेशीर करण्याचा वाद

गांजा कायदेशीर करण्याचा वाद : भांगेच्या झाडाचा फुलोरा, म्हणजे गांजा, जवळ बाळगणे, विकणे आणि पिकवणे गुन्हाच राहावा, की परवाना, कर आणि तपासणी लावून त्याला मुभा द्यावी, यावर भारतात चाललेली चर्चा. ग्वाल्हेरशी तिचा संबंध जवळचा आहे. अफूच्या परवानाशेतीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय शहराच्या मुरार भागात आहे, आणि मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने उघडपणे चालतात. भांग विकायला सरकारी परवाना मिळतो आणि त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला तर अटक होते. हा वाद समजून घ्यायचा तर ही विसंगती आधी समजावी लागते.

झाड एक, कायदे दोन

अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे बोलीतला एनडीपीएस कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत तीन गोष्टी येतात : चरस, म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ, गांजा, म्हणजे फुले किंवा फळे धरलेले शेंडे, आणि या दोहोंचे कोणतेही मिश्रण वा पेय. शेंड्याशिवायची नुसती पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांची होते, म्हणून ती या कायद्यात सापडत नाही; तिचे नियमन राज्याच्या अबकारी कायद्याने होते.

ही सीमारेषा पाट्यावर किती पातळ असते ते ठंडाईत दिसते. वाळलेली पाने भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतात, मग काळी मिरी, बडीशेप, खसखस, मगज आणि बदामाबरोबर लोण्यासारखी मऊ वाटतात. तो गोळा दुधात कालवून फडक्यातून गाळतात. पाने खुडताना त्यांच्याबरोबर कोवळे शेंडे आले, तर कायद्याच्या भाषेत ती भांग राहत नाही आणि नशाही अंदाजापलीकडे चढते. महाशिवरात्रीला किंवा होळीला होणारी फसगत मात्र बहुधा दुसरीच असते. चिलमीतला धूर काही मिनिटांत चढतो, पोटात गेलेली भांग अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेते. यकृतात टीएचसी या मुख्य मादक द्रव्याचे आणखी एका प्रभावी द्रव्यात रूपांतर होते, म्हणून तिचा अंमलही लांबतो. ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि दोन्ही पेले एकदम उठतात. छाती धडधडणे, घसा कोरडा पडणे, भीती वाटणे, वेळेचे भान सुटणे ही लक्षणे अशा वेळी दिसतात. माणसाला शांत, कमी उजेडाच्या जागी बसवावे, एकटे सोडू नये, वर दारू देऊ नये. शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल किंवा पेला लहान मुलाच्या हाती लागला असेल, तर रुग्णालय गाठावे.

बंदी कुठून आली

ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. बेताच्या सेवनाने लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदी आवश्यक नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. उपाय म्हणून आयोगाने मोजक्या भागांत परवान्याने लागवड, कर आणि किरकोळ विक्रीवर मर्यादा सुचवल्या. त्या काळी मध्य प्रांतातली गांज्याची लागवड निमाड जिल्ह्यातल्या खंडवा भागात एकवटलेली होती. मुंबई इलाख्यात ती अहमदनगर आणि साताऱ्याकडे होत असे. परवानापद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत जुना आधार आहे आणि तो भक्कम आहे, कारण हा अहवाल गृहीतकांपेक्षा साक्षींवर उभा आहे. मात्र त्या वेळचा गांजा आणि आजची राळ किंवा अर्क यांची ताकद सारखी नाही, हे विसरून तो पुढे केला जातो.

१९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांवरील एकल कराराने गांजा आणि चरस कडक नियंत्रणाखाली आणले. पाने मात्र कराराच्या व्याख्येबाहेर राहिली. भांग वाचली ती इथे. औषधाव्यतिरिक्तचा वापर थांबवायला करार अमलात आल्यापासून २५ वर्षांची मुदत होती. तो १९६४ मध्ये अमलात आला, म्हणजे मुदत १९८९ ला संपत होती. गांज्याची सरकारी दुकाने बंद होण्यामागे मुख्य कारण हे होते; तेव्हा देशात गांज्यामुळे एकाएकी काही अनर्थ घडला होता असे नाही. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांज्याला सर्वांत कडक अनुसूचीतून काढले. भारताचे मत बदलाच्या बाजूने पडले, तरी देशातला कायदा तसाच राहिला.

वजन, पंचनामा आणि जामीन

कायद्याचा खरा भार वजनकाट्यावर पडतो. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेनुसार गांज्यासाठी १ किलोपेक्षा कमी ते ‘अल्प प्रमाण’ आणि २० किलोपेक्षा जास्त ते ‘व्यावसायिक प्रमाण’. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत. कलम २० प्रमाणे अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाखापर्यंत दंड. व्यावसायिक प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षे, शिवाय १ ते २ लाख दंड. झाड लावणे हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात वजन बघितले जात नाही. नुसत्या सेवनाला कलम २७ खाली ६ महिन्यांपर्यंत शिक्षा आहे.

समजा, एका पोत्यात अर्धवट वाळलेला माल आहे : जाड दांडे, पाने, बिया आणि शेंडे एकत्र. काटा दाखवतो २२ किलो ४०० ग्रॅम. पंचनाम्यात ‘गांजा’ एवढेच लिहिले गेले की प्रकरण व्यावसायिक ठरते. मग कलम ३७ आड येते : सरकारी वकिलाला विरोधाची संधी दिल्यावर, आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. दांडे वेगळे काढून तोच माल तोलला तर काटा २० च्या खाली येऊ शकतो. त्या दोन-अडीच किलो काड्यांवर एका माणसाची काही वर्षे अवलंबून असतात. म्हणून बचावपक्षाचा पहिला प्रश्न असतो तो मालात नेमके काय होते आणि वेगळे करून तोलले का, हा. ओला माल सुकला की हलका होतो. प्लास्टिकमध्ये बांधला तर बुरशी धरतो. मालखान्यातून न्यायालयात येईपर्यंत वजन घटले आणि घटीचे कारण कागदावर नसले, तर मुद्देमाल तोच आहे का यावर शंका उभी राहते.

डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या जप्ती-नमुना नियमांनुसार अफू, गांजा आणि चरस यांचे प्रत्येकी २४ ग्रॅमचे दोन नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे असतात. कलम ५२-क खाली यादी आणि छायाचित्रेही दंडाधिकारी प्रमाणित करतो. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क सांगणे कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे. हातातल्या पिशवीला मात्र ते लागू नाही. या पायऱ्यांपैकी एखादी चुकली की प्रकरण डळमळते, आणि मोठा व्यापारी चांगला वकील करून याच फटीतून सुटतो. पुडीवाला कबुली देऊन दंड भरतो. कायदेशीरीकरणाच्या बाजूचा सगळ्यांत जड युक्तिवाद हाच आहे : शिक्षेचा फास बारक्या माणसाभोवती आवळला जातो.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे नखासारखे वाकडे केस बघतात, आणि रासायनिक चाचणीत जांभळा रंग क्लोरोफॉर्मच्या थरात उतरला की भांगेच्या झाडाची पुष्टी होते. पण एनडीपीएस कायद्यात टीएचसीची टक्केवारीच नाही. त्यामुळे सौम्य पाला-शेंडे आणि अतिशय तीव्र फुलोरा एकाच मापाने तोलले जातात. हीरा सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिश्रणाचे एकूण वजन धरावे असे सांगितल्यापासून चरस घातलेल्या मिठाईत खव्याचेही वजन मोजले जाते. कोणतीही सुधारणा करायची तर सुरुवात इथून, मादकतेच्या मोजमापापासून, व्हायला हवी.

आरोग्याची बाजू

दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.८ टक्के, म्हणजे जवळपास ३.१ कोटी, लोकांनी आदल्या वर्षात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काहीतरी घेतले होते. भांग घेणारे २ टक्के, गांजा-चरस घेणारे १.२ टक्के. पण भांग घेणारे जास्त असूनही अडचणीत येणाऱ्यांचे प्रमाण गांजा-चरसवाल्यांत अधिक आहे.

विरोधकांचे दोन मुद्दे टाळता येण्यासारखे नाहीत. किशोरवयात रोज सेवन सुरू झाले तर व्यसनाचा आणि मनोविकृतीचा धोका वाढतो. ज्या घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास आहे तिथे तो विशेष. दुसरा मुद्दा रस्त्याचा : दारूसाठी फुंकर मारून घेण्याचे यंत्र आहे, तसे गांज्यासाठी विश्वासार्ह साधन नाही. लघवीत अंश अनेक दिवस सापडतात, त्यावरून चालक त्या क्षणी नशेत होता हे सिद्ध होत नाही. दारू जास्त घातक असूनही चालते, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे; पण त्यावरून दुसरे दुकान उघडावे असे आपोआप ठरत नाही.

अफूचा नमुना

मंदसौर आणि नीमच एकेकाळी ग्वाल्हेर संस्थानात होते, आणि माळव्याची अफू हे तिथले मोठे उत्पन्न. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो १९५० मध्ये स्थापन झाला, १९६० मध्ये सिमल्याहून ग्वाल्हेरला आला. आजही तो मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक क्षेत्रात शेतकऱ्यांना दरवर्षी पट्टे, म्हणजे लागवडीचे परवाने, देतो. आकार ‘आरी’त सांगतात, १० आरी म्हणजे एक दशांश हेक्टर. शेताची मोजणी होते, चिरा देऊन काढलेल्या अफूची रोजची नोंद गावचा लंबरदार, म्हणजे नेमलेला मुखिया, ठेवतो, हंगामाअखेर तोल केंद्रावर सगळा माल सरकार घेते, आणि मॉर्फिन ठरलेल्या उताऱ्यापेक्षा कमी निघाले तर पुढच्या वर्षी पट्टा धोक्यात येतो.

गांज्यासाठी हीच चौकट वापरा, असे सुचवले जाते. पण भांगेचे झाड बांधावर, रेल्वेरुळांच्या कडेला, ओसाड प्लॉटवर आपसूक उगवते, आणि परागण वाऱ्याने होते. शेजारच्या शेतातल्या नरझाडांचे पराग आले की फुलोऱ्यात बी धरते आणि माल खालावतो. उलट धाग्यासाठी लावलेल्या भांगेच्या पुढच्या पिढीत मादकता वाढू शकते. अफूतही चोरवाट आहे : उताऱ्यापेक्षा जास्त निघालेला माल बाहेर विकला जातो. इतके बारीक नियंत्रण असलेल्या, फक्त काही महिन्यांच्या पिकात हे होते, तर गांज्यात काय होईल याचे उत्तर परवानावाद्यांना द्यावे लागेल.

धाग्यासाठी आणि औषधासाठी

कलम १० प्रमाणे चरस वगळता लागवडीच्या परवानगीचे अधिकार राज्यांकडे आहेत. धागा आणि बी यांसाठीची वाट कलम १४ ने मोकळी ठेवली आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये ०.३ टक्के टीएचसीच्या मर्यादेत असे परवाने देणे सुरू केले. मध्य प्रदेश सरकारनेही २०१९ मध्ये औषध व उद्योगासाठी लागवडीचा विचार जाहीर केला होता, त्यावर लगेच राजकीय गदारोळ झाला. आयुर्वेदात हे झाड विजया म्हणून ओळखले जाते; जातीफलादी चूर्णात शोधित भांग असते. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर सीबीडी या याच झाडातल्या द्रव्याचे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. औषधी उपयोग सिद्ध झाला म्हणून चिलीम औषधी ठरत नाही. मात्रा मोजलेली असणे हाच औषधाचा प्राण.

परदेशातले अनुभव

उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून, जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना मुभा दिली. कॅनडात सार्वजनिक जागी ३० ग्रॅम, जर्मनीत २५ ग्रॅमची मर्यादा आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढले, नियम तयार होण्याआधीच दुकाने उगवली, आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट परत आली. मुभा कशी आणि कोणत्या क्रमाने दिली, यावर परिणाम किती ठरतो, हे या उलटफेरात दिसते.

उपचार

वाद काही असो, ज्याला सोडायचे आहे त्याला आजही वाट आहे. कलम ६४-क प्रमाणे अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. गांजा सोडल्यावर झोप उडणे, चिडचिड, भूक मंदावणे, विचित्र स्वप्ने हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. झोपेसाठी घरच्या गोळ्या देणे इथे सर्रास होते आणि ते चुकीचे आहे. ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा हे सरकारी रुग्णालय आहे. नशामुक्तीची राष्ट्रीय विनामूल्य हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची १४४१६.