दम्याच्या पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते म्हणे!
"पंप एकदा सुरू झाला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी" हे प्रत्येक दम्याच्या पेशंटला कोणीतरी सांगतंच, आणि ते साफ चुकीचं आहे. इनहेलरचं व्यसन लागत नाही. दमा, सीओपीडी (फुप्फुसातले श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा आजार) हे आजारच वर्षानुवर्षं राहणारे, म्हणून औषध चालू ठेवावं लागतं, बीपीच्या गोळीसारखंच. आणि डोस बघा ना, साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या एका पफमध्ये (पंपाच्या एका दाबात) साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळी ४ मिलिग्रॅमची म्हणजे ४० पट, शिवाय ती आख्ख्या अंगात फिरते, म्हणून तर हात थरथरतात, छातीत धडधडतं.

खरी गडबड घेण्याच्या पद्धतीत असते. पेशंटला सांगा माझ्यासमोर घेऊन दाखवा, की कळतं, पंप हलवलेलाच नसतो, श्वास आधी सोडलेला नसतो, दाबतात आधी आणि ओढतात नंतर, मग औषध घशातच चिकटतं आणि वर "पंपाने फरक पडत नाही"! दाबतानाच हळू, खोल श्वास घ्यायचा, १० सेकंद रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी होते. आणि बरं वाटलं म्हणून तो मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.