जुगारी, उद्योजक आणि कड्यांचा खेळ

‘धंदा मराठी माणसाच्या रक्तातच नाही’ आणि ‘उद्योजक म्हणजे धोक्याशी खेळणारा माणूस’ ही दोन विधाने आपल्याकडे इतक्या सहजपणे केली जातात, की त्यांचा पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. मानसशास्त्राने मात्र दोन्हींची छाननी केली असून, त्यांतले दुसरे विधान आधी तपासणे सोयीचे आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी कड्या फेकून खुंटीत अडकवण्याचा साधा खेळ प्रयोगासाठी वापरला. खुंटीपासून किती अंतरावर उभे राहायचे, हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे. एखादे काम उत्तम करून दाखवण्याची ओढ, म्हणजेच संपादन प्रेरणा, ज्यांच्यात प्रबळ होती, ते बहुधा मध्यम अंतर निवडत. अगदी जवळ नाही आणि फार लांबही नाही.

याचे स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी 1957 मध्ये एका सुबक सूत्रातून दिले. यशाची शक्यता ‘श’ मानली, तर यशाचे मोल (1 − श) इतके असते, कारण सोप्या कामात मिळालेल्या यशाचे अप्रूप कमी वाटते. कामाची ओढ या दोहोंच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. शक्यता 0.9 असेल तर गुणाकार 0.09 येतो, 0.1 असेल तरीही तेवढाच येतो; 0.5 ला मात्र तो 0.25 म्हणजे सर्वाधिक होतो. आता यात अपयशाचे भय मिळवू. त्याचाही गुणाकार याच आकाराचा, पण ऋण चिन्हाचा असतो. म्हणून ज्याच्यात यशाच्या ओढीपेक्षा भय प्रबळ असते, त्याच्यासाठी हा आलेख उलटा होतो आणि मधले अंतर सर्वांत नकोसे ठरते. असा माणूस एकतर खुंटीला चिकटून उभा राहील, नाहीतर इतका लांब जाईल की नेम चुकल्याचा दोष त्याला कोणी देणार नाही. म्हणजे या सूत्रानुसार अशक्यप्राय उडी घेणाऱ्याच्या मनात धाडसाऐवजी भयही असू शकते! शिवाय संपादन प्रेरणेच्या माणसाला मध्यम अवघडपणा आवडतो तो जिथे निकाल त्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो तिथे. निव्वळ नशिबाच्या खेळात तो सावधच राहतो. उद्योजक आणि जुगारी यांना एकाच माळेत ओवणे म्हणूनच चुकीचे आहे.

मॅक्लेलंड यांनी पुढे 1964 मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाड्याच्या व्यावसायिकांना हैदराबादच्या एका संस्थेत संपादन प्रेरणेचे अल्पकालीन प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण न घेतलेल्या व्यावसायिकांशी तुलना केली असता, नंतरच्या काळात प्रशिक्षितांनी अधिक प्रमाणात नवे उद्योग सुरू केले आणि अधिक गुंतवणूक केल्याचे आढळले. भारतातल्या उद्योजकता प्रशिक्षणांत कड्यांचा हा खेळ आला, तो याच परंपरेतून. चित्रे दाखवून रचून घेतलेल्या गोष्टींवरून प्रेरणा मोजण्याच्या मॅक्लेलंड यांच्या पद्धतीवर विश्वासार्हतेच्या मुद्द्यावर रास्त टीका झाली आहे. तरीही काही दिवसांच्या प्रशिक्षणाने वर्तनात फरक पडत असेल, तर उद्योजकता सर्वस्वी रक्तातच असते असे म्हणणे अवघड होते. जुळ्यांच्या अभ्यासांत उद्योजकतेकडे असलेल्या कलात आनुवंशिकतेचा वाटा दिसतो, हे खरे. परंतु तो व्यक्तीव्यक्तींमधील फरकांविषयी असतो, एखाद्या भाषिक समाजाविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. ‘तुमच्या पत्रिकेत व्यापारयोग आहे का’ हे सांगणाऱ्यांना तर यात मुळीच स्थान नाही, आणि दहा प्रश्नांत ‘तुमच्यातला उद्योजक’ शोधून देणाऱ्या चाचण्यांनाही जवळपास तेच लागू पडते.

व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख घटकांच्या चौकटीत झाओ आणि सायबर्ट या संशोधकांनी 2006 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. व्यवस्थापकांच्या तुलनेत उद्योजक नव्या अनुभवांना अधिक खुले, कामात अधिक काटेकोर आणि चिकाटीचे, भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर, पण इतरांशी जुळवून घेण्यात काहीसे कमी असतात, असे त्यात दिसले. बहिर्मुखतेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. हे सरासरीतले फरक असल्याने एकट्या व्यक्तीचे भाकीत त्यांवरून करता येत नाही. 2010 मध्ये झालेल्या पुढच्या विश्लेषणात आणखी एक बाब समोर आली: धोका पत्करण्याच्या वृत्तीचा उद्योग सुरू करण्याच्या इच्छेशी संबंध दिसला, परंतु सुरू झालेला उद्योग कसा चालतो याच्याशी तिचा संबंध आढळला नाही.