समावेशक शिक्षण आणि हायस्कूलच्या शिक्षकांचा दृष्टिकोन

दिव्यांग मुलांना वेगळ्या शाळेत न घालता नेहमीच्या वर्गातच सगळ्यांसोबत शिकवायचं, याबद्दल शिक्षकांना काय पटतं, मनातून काय वाटतं आणि वर्गात ते करतात काय, या तिन्ही गोष्टी मिळून हा दृष्टिकोन बनतो. अभ्यासक याला अभिवृत्ती म्हणतात. तिन्हींचा मेळ बसतोच असं नाही, एखाद्या सरांना तत्त्व पूर्ण मान्य असतं पण असा विद्यार्थी आपल्याच वर्गात येणार म्हटलं की पोटात गोळा येतो.

१९९४ ची सालामांका घोषणा (सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेत घ्या, असं सांगणारी युनेस्कोच्या परिषदेतली घोषणा) आणि २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार (त्यातलं कलम २४) यांनी सगळ्यांसोबत शिकण्याचा दिव्यांग मुलांचा हक्क मान्य केला, पण तो मिळायचा शेवटी शिक्षकाच्याच हातून. स्क्रग्ज आणि मास्ट्रोपिएरी या अमेरिकन अभ्यासकांनी १९९६ मध्ये जुन्या सर्व्हेंचा एकत्र आढावा घेतला, त्यात साधारण दोन तृतीयांश शिक्षकांना कल्पना मान्य होती, पण पुरेसा वेळ, ट्रेनिंग, साधनं आपल्याकडे आहेत म्हणणारे जेमतेम एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी. मला तरी हे अंतरच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण शिक्षक नको म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते एकटे पडलेले असतात.

हायस्कूलमध्ये हे जास्त जाणवतं. एकच विषय, रोज पाच-सहा वेगळे वर्ग, पीरियड संपला की पळायचं, वर पोर्शन आणि परीक्षा, मग एका मुलाला ओळखायला वेळ कुठून आणायचा? अपंगत्वाच्या प्रकारानेही फरक पडतो, व्हीलचेअरवरच्या मुलाला पटकन स्वीकारतात पण वर्तनाच्या किंवा भावनिक अडचणी असलेल्या मुलाबद्दल खूप जण कचरतात.

खरं तर लागणारे बदल कधीकधी अगदी छोटे असतात. गणिताच्या बाई फळ्यावर बोट ठेवून "हे इथून तिकडे नेलं" म्हणतात तेव्हा दृष्टिहीन मुलीला काहीच कळत नाही, तेच "उणे तीन एक्स डावीकडे नेलं, चिन्ह बदललं" असं म्हटलं की तिला समजतं, आणि मागच्या बाकावरच्यांनाही. फळ्याकडे तोंड करून बोललं की ओठ वाचणाऱ्या मुलाचं अख्खं वाक्य जातं.

असा एखादा अनुभव जमला की "मला हे येईल" हा विश्वास वाढतो, आणि हा विश्वास आणि सकारात्मक दृष्टिकोन बरोबरच जातात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मुख्याध्यापकांचा पाठिंबा, विशेष शिक्षकाबरोबर बसून तास ठरवायला टाइमटेबलमध्येच ठेवलेला एक पीरियड, यानेही खूप फरक पडतो. नुसतं वर्षातून एकदा भाषण ऐकवलं तर माहिती मिळते, भीती तशीच राहते.