मेजर सायकॉलॉजी, मायनर कॉम्प्युटर: हे कॉग्निटिव्ह सायन्स नव्हे

बारावीचा निकाल लागला की आमच्या फोंड्याच्या घरी ओळखीतले पालक मुलांना घेऊन येतात. मी कॉग्निटिव्ह सायन्समध्ये, म्हणजे डोक्यात विचार कसा घडतो याच्या शास्त्रात, एम.एस्सी. केलेलं, त्यामुळे ‘हिला विचारा’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. खुर्चीत बसता बसता पहिलं वाक्य ठरलेलं: “म्हणजे सायकॉलॉजीच ना ते?” २०२३ पासून गोव्यातल्या कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाचं मेजर-मायनर (एक मुख्य विषय, एक जोडविषय) आलं, तेव्हापासून त्याला जोडून दुसरं येतं: “मग ती मेजर सायकॉलॉजी घेते, मायनर कॉम्प्युटर. झालं!” या दुसऱ्या गैरसमजाने जास्त नुकसान होतं, कारण तो अर्धा खरा वाटतो.

सायकॉलॉजी म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. वर्तन, भावना, व्यक्तिमत्त्व, बालविकास, मनोविकार, सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगते की मी शिकायला निघाले तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं होतं, “तूं पिशांची दोतोर जातली?” आजारी माणसाबद्दल ‘पिसो’, म्हणजे वेडा, हा शब्द अजून आपल्या तोंडात सहज येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

किरकोळ फरक भराभर उरकते. कौन्सेलिंग करायचं असेल तर कॉग्निटिव्ह सायन्सच्या वाटेला जाऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तो रस्ता वेगळा. मेंदूचे रंगीत स्कॅन दोन्हीकडे दिसतात. प्रयोग दोन्हीकडे, संख्याशास्त्र दोन्हीकडे. बी.ए. की बी.एस्सी. यावर तर वेळ घालवूच नका. आणि सायकॉलॉजीच्या अभ्यासक्रमात बोधनिक मानसशास्त्राचा (कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीचा) एक पेपर असतो, तो म्हणजे हा सगळा विषय नव्हे, त्याची एक खिडकी आहे.

खरी गोची पुढे आहे. ती पाटीवरच दाखवते.

माझा भाचा दुसरीत आहे, मराठी माध्यमाच्या शाळेत. गेल्या पावसाळ्यात सोप्यावर बसून माझी बहीण त्याला अंक सांगत होती. “एकोणचाळीस.” त्याने लिहिलं ४९. “एकोणपन्नास.” लिहिलं ५९. बहीण वैतागली, “लक्ष कुठंय तुझं?” मी तिला थांबवलं आणि त्याला म्हटलं, “अडतीस लिही. आता त्याच्या पुढचा.” त्याने ३८ लिहिलं, शेजारी ३९ लिहिलं आणि “एकोणचाळीस” असं मोठ्याने म्हणाला. मग वरच्या ४९ कडे बघत गप्प बसला. मी म्हटलं, “नव्व्याण्णव.” ९९. बिनचूक.

सायकॉलॉजीचा विद्यार्थी इथे विचारेल: ही चूक किती मुलं करतात, कोणत्या वयात? आई ओरडली की वाढते का? गणिताची भीती आहे, की शिकण्यातली एखादी अडचण? हे प्रश्न चांगलेच आहेत. पण कॉग्निटिव्ह सायन्सचा प्रश्न निराळा. ‘एकोणचाळीस’ हा आवाज कानात शिरल्यापासून पेन्सिल पाटीला टेकेपर्यंत डोक्यात कोणकोणत्या पायऱ्या घडल्या, की ४९च बाहेर यावेत? त्या पायऱ्या इतक्या स्पष्ट लिहायच्या की यंत्राला दिल्या तर त्यानेही इथे ४९ लिहिलं पाहिजे, क्रमाने जाताना ३९ लिहिलं पाहिजे आणि नव्व्याण्णव चुकता कामा नये. ‘त्याचं लक्ष नव्हतं’ हे इथे उत्तर म्हणून चालत नाही. लक्ष नसेल तर चुका कशाही होतात. याच्या चुका एकाच साच्यातल्या आहेत.

साचा भाषेत आहे. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस: मराठीत एकक आधी ऐकू येतो, दशक मागून. मुलाने नियम काढला की शेपटात जे ऐकू येईल ते दशकाच्या घरात टाकायचं. हा नियम जवळपास सगळीकडे चालतो आणि एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या ‘एकोण’वाल्यांत फसतो, कारण तिथे शेपूट पुढच्या दशकाचं असतं. शंभराच्या आधी मात्र आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. नव्व्याण्णव सरळ नियमात बसतो, म्हणून तो बरोबर आला. ३८ नंतर ३९ लिहिताना तर शब्द फोडावाच लागत नाही. पोरगा निष्काळजी नव्हता. स्वतः शोधलेला नियम तो फार प्रामाणिकपणे पाळत होता.

आता बघा, या एका चुकीने किती विषय घरात बोलावले. एकोण म्हणजे एक-ऊन, एकाने कमी, हे भाषाशास्त्राने सांगितलं. नियम लिहून १ ते ९९ वर चालवायचा आणि यंत्राच्या चुका मुलांच्या चुकांशी जुळतात का ते बघायचं, हे कॉम्प्युटरचं काम. यंत्र जर बहात्तरलाही चुकलं आणि मुलं तिथे चुकत नसतील, तर आपला तर्क रद्द. त्याला ३९ ‘माहीत’ आहे की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. मानववंशशास्त्र हा प्रश्न शाळेबाहेर न्यायला लावतं: ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणारी मुलं विक्री करताना ९८ टक्के हिशेब बरोबर करत होती, आणि तशीच गणितं कागदावर दिली तेव्हा जेमतेम ३७ टक्के. हा अभ्यास १९८५चा. २०१९ मध्ये शेजारी महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ छापलं, तेव्हा केवढं वादळ उठलं! मराठी बुडणार की तरणार यावर सगळे भांडले. मुलाच्या डोक्यात पायऱ्या कुठल्या बदलतात, हे विचारणारे फार थोडे होते.

डेव्हिड मार या संशोधकाने डोक्यातल्या अशा कामाची मांडणी तीन पातळ्यांवर केली. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९८२ मध्ये आलं. काय काढायचंय आणि कशासाठी, ही पहिली पातळी. कुठल्या पायऱ्यांनी, ही दुसरी. त्या पायऱ्या कशावर चालतात, मेंदूच्या पेशींवर की चिपवर, ही तिसरी. सायकॉलॉजी या पातळ्यांवर जातच नाही असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या पातळीवरचं उत्तर पूर्ण लिहून दाखवण्याची सक्ती, हेच कॉग्निटिव्ह सायन्सचं वळण.

म्हणूनच मेजर-मायनरचा हिशेब जुळत नाही. सोमवारी सायकॉलॉजीचे सर स्मृती शिकवतात, मंगळवारी कॉम्प्युटरच्या मॅडम पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. दोघांपैकी कोणीही त्या ४९ बद्दल विचारत नाही. गुणपत्रिकेवर दोन ओळी येतात, त्या एकमेकींशी बोलत नाहीत. हा विषय जन्मला तोच वेगवेगळ्या विद्यांची माणसं एका खोलीत बसल्यावर: ११ सप्टेंबर १९५६ रोजी एमआयटीत मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की आणि कॉम्प्युटरवर काम करणारे न्यूएल-सायमन एकाच परिसंवादात बोलले. मिलर पुढे त्याच दिवसाला या शास्त्राचा जन्मदिवस म्हणत. अमेरिकेत व्हासार कॉलेजने १९८२ मध्ये याची स्वतंत्र पदवी दिली, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८६ मध्ये स्वतंत्र विभाग काढला.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा विषय एम.एस्सी.पासून सुरू होतो. आयआयटी गांधीनगर आहे, अलाहाबाद विद्यापीठाचं केंद्र आहे, आयआयटी कानपूरला स्वतंत्र विभाग आहे. तेव्हा गोव्यात राहून पदवीला सायकॉलॉजी घ्या, खुशाल घ्या. मायनर मात्र माझं ऐकाल तर कॉम्प्युटरऐवजी गणित किंवा संख्याशास्त्र. प्रोग्रॅमिंग सुट्टीत स्वतः शिकता येतं, संभाव्यता शिकवायला गुरू लागतो. आणि भाषाशास्त्राचं एक तरी चांगलं पुस्तक वाचा. मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या मुलाने भाषेकडे पाठ फिरवावी, हे मला बघवत नाही. माझा भाचा ‘थर्टी नाईन’ ऐकून पहिल्या झटक्यात ३९ लिहितो.

आता येणाऱ्या प्रत्येकाला मी ही पाटीची गोष्ट सांगते. बरीच मुलं हसतात आणि फीबद्दल विचारतात. यंदा पेडण्याहून आलेली एक मुलगी हसली नाही. थोडा वेळ थांबून म्हणाली, “ताई, मग एकोणीस लिहिताना त्याने २९ लिहिलं का?”

नव्हतं लिहिलं. एकोणीस त्याला बरोबर येतो. मग जेवायची वेळ टळेपर्यंत आम्ही दोघी ‘णीस’मध्ये ‘वीस’ ऐकू येतो का, यावरच बोलत बसलो.